वाऱ्याच्या वाटेवरील सूचिपर्णी वृक्ष

भिवंडी हें गांव बागांबद्दल प्रसिद्ध नाहीं. मागांची खटखट, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेनें पसरलेलीं गुदामें आणि मालमोटारींच्या रांगा हेंच येथील चित्र परक्याच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तथापि या गलबल्यांतहि शाळांच्या आवारांत, दवाखान्यांच्या दारांत, बंगल्यांपुढील चिमुकल्या बागांत आणि गच्चीवरील कुंड्यांत एका निराळ्या जातीचीं झाडें दृष्टीस पडतात. त्यांचीं पानें सुईसारखीं किंवा खवल्यांसारखीं असून तीं बाराहि महिने हिरवीं राहतात. वनस्पतिशास्त्रांत यांस शंकुधारी किंवा सूचिपर्णी वृक्ष म्हणतात. हीं झाडें मूळचीं येथलीं नव्हत. आपल्या पावसाळी वाऱ्यांत त्यांचा निभाव कसा लागावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हाच विषय कां निवडला, असें कोणी विचारील. त्यास कारण घडलें तें असें. गतवर्षीं एप्रिल महिन्यांत कांहीं पालक आमच्याकडे आले व म्हणाले, "आवारांतील नाताळाचीं दोन उंच झाडें एका अंगास झुकलीं आहेत. खालच्या वर्गांतील मुलें रोज त्यांच्याखालून जातात. पावसाळ्यांत एखादें कोसळलें तर काय करावें? दोन्ही तोडून टाकावीं हें बरें." त्यांचें म्हणणें रास्त होतें. मुलाच्या जिवाहून झाड मोठें नव्हे, याविषयीं दुमत असण्याचें कारणच नाहीं. परंतु झाड झुकलें आहे म्हणजे तें पडणारच काय, या प्रश्नाचें उत्तर आम्हांपैकीं कोणासच ठाऊक नव्हतें; आणि ठाऊक नसतां कुऱ्हाड उचलणें हेंहि आम्हांस बरें वाटेना. म्हणून आम्हीं शिक्षक व वरच्या वर्गांतील विद्यार्थी यांनीं मिळून या प्रश्नाचा शोध घेण्याचें ठरविलें. त्यांत जें शिकावयास मिळालें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम झाडांची ओळख करून घेऊं. ज्यास आपण नाताळाचें झाड म्हणतों, तें अरॉकेरिया कुळांतील आहे. त्याच्या दोन जाती आपल्याकडे येतात. एक नॉर्फोक बेटावरील व दुसरी न्यू कॅलिडोनियांतील. दर्यावर्दी कॅप्टन कुक याच्या दुसऱ्या सफरींत, १७७४ सालीं, या बेटांवरील हे उंच सरळ वृक्ष युरोपियनांच्या दृष्टीस पडले. त्यांच्या खोडांच्या उत्तम डोलकाठ्या होतील असें त्यास वाटलें होतें. न्यू कॅलिडोनियांतील जातीस कुकचेंच नांव मिळालें आहे. रोपवाटिकांत मात्र या दोहोंची फारशी निवड होत नाहीं. दोन्ही एकाच नांवानें विकल्या जातात. दुसरें परिचित झाड मोरपंखीचें. तें मूळचें चीनकडील. त्याची डहाळी पुस्तकांत ठेवली असतां विद्या येते, अशी समजूत असल्यामुळें मुलें त्यास 'विद्या' म्हणतात. हें ज्यानें कधीं केलें नाहीं, असा विद्यार्थी विरळाच! तिसरें जुनिपर, जें बहुधा कुंडींत असतें. येथें एक खुलासा केला पाहिजे. अलिबाग, काशीद, दिवेआगर इत्यादि किनाऱ्यांवर ज्याचीं बनें आहेत, तो सुरू सूचिपर्णी दिसतो खरा, पण तो शंकुधारी नव्हे. तो फुलें येणारा वृक्ष असून त्याच्या बारीक 'सुया' वस्तुतः हिरव्या डहाळ्या होत.

आतां वाऱ्याकडे वळूं. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ३० किलोमीटर वेगाचा वारा झाडास जितक्या जोरानें ढकलतो, त्याच्या चौपट जोर ताशीं ६० किलोमीटरचा वारा लावतो, व ९० किलोमीटरचा वारा नऊपट. शिवाय झाड ही एक तरफ आहे. शेंड्याकडील दाब जितका उंचावर, तितकी बुंध्याशीं होणारी ओढ अधिक. उघडलेली छत्री वाऱ्यांत धरून पाहणारास याचा अनुभव आहेच. शीत प्रदेशांतील पुष्कळ रुंदपर्णी वृक्ष हिवाळ्यांतील तुफानांपूर्वीं आपलीं पानें गाळून जणूं छत्री मिटून घेतात. सूचिपर्णी वृक्षांची छत्री कधींच मिटत नाहीं.

आपल्याकडे जून ते सप्टेंबरपर्यंत वारा मुख्यतः पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो. पण तेवढ्यावर विसंबून चालत नाहीं. मे महिन्यांतील व परतीच्या पावसांतील वळवाची वावटळ पुष्कळदां पूर्वेकडून, म्हणजे सह्याद्रीच्या बाजूनें येते. दोन उंच इमारतींच्या फटींतून वारा शिरला म्हणजे तो नळींतल्याप्रमाणें वेग घेतो, हें गुदामांच्या आसपास राहणारांस सांगणें नकोच. आणि अधूनमधून समुद्रावरील चक्रीवादळेंहि येतात. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें, तेव्हां वाऱ्याचा वेग ताशीं १०० किलोमीटरांच्या वर होता. श्रीवर्धन-मुरुडकडील नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारींत आडव्या झाल्या. पुढील वर्षीं, १७ मे २०२१ रोजीं, 'तौक्ते' वादळ मुंबईजवळून समुद्रांतूनच गेलें, तरी शहरांत शेंकडों झाडें पडलीं.

झाड पडतें तें दोन प्रकारांनीं. एक तर खोड मोडतें, नाहीं तर मुळांसकट माती उचटून झाड उलथतें. आपल्याकडे पावसाळ्यांत दुसरा प्रकार अधिक घडतो, कारण भिजलेली माती मुळांस घट्ट धरून ठेवूं शकत नाहीं. झाडाचीं मुळें खोल पाताळांत गेलेलीं असतात, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक वृक्षांच्या मुळांचा मोठा भाग वरच्या दोन-तीन फूट मातींतच असतो. तो खोलवर जाण्याऐवजीं चहूंकडे पसरतो, व फांद्यांच्या घेराच्याहि बाहेर जातो. ज्या बाजूनें वारा येतो, त्या बाजूचीं मुळें तंबूच्या दोरांप्रमाणें ताणलीं जातात, आणि समोरच्या बाजूचीं मुळें टेकूप्रमाणें भार सोसतात. म्हणून वाऱ्याच्या बाजूस चर खणून मुळें तोडणें, अथवा बुंध्यापर्यंत फरशी बसवून मुळांचा श्वास कोंडणें, हें झाडाचे दोर कापण्यासारखेंच आहे. याच कारणास्तव राष्ट्रीय हरित लवादानें २०१३ सालीं दिल्लींतील झाडांभोंवतालचें एक मीटरपर्यंतचें काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता.

परंतु वारा हा झाडाचा केवळ शत्रु नव्हे. तो त्याचा तालीमबाजहि आहे. टॉमस नाइट या इंग्रज उद्यानशास्त्रज्ञानें १८०३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सफरचंदाचीं कांहीं कोंवळीं झाडें जखडून ठेविलीं, व कांहींस डोलूं दिलें. जखडलेल्या झाडांची खोडें कमी पोसलीं. जीं एकाच दिशेंत डोलूं शकत होतीं, त्यांचीं खोडें त्याच दिशेंत अधिक जाड झालीं. जेथें ताण पडतो, तेथें झाड लांकूड भरतें. शंकुधारी वृक्षांत आणखी एक विशेष दिसतो. असा वृक्ष कलला म्हणजे कललेल्या अंगास, खालच्या बाजूनें, एक प्रकारचें दाट लांकूड तयार होतें, व तें खोडास हळूहळू वर ढकलून सरळ करूं पाहतें. रुंदपर्णी वृक्ष याच्या उलट वरच्या बाजूस लांकूड वाढवून खोड ओढून घेतात. एक ढकलतो, दुसरा ओढतो, हेतु एकच.

आतां आमच्या प्रश्नाचा गाभा. कुकच्या नांवाचा अरॉकेरिया लावलेल्या ठिकाणीं बहुधा वांकडाच वाढतो. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधांत पांच खंडांतील २५६ झाडें मोजण्यांत आलीं, तेव्हां असें दिसून आलें कीं, हीं झाडें विषुववृत्ताच्या दिशेस झुकतात. उत्तर गोलार्धांतील झाडें दक्षिणेकडे, व दक्षिण गोलार्धांतील उत्तरेकडे! झुकण्याचें सरासरी मान सुमारें साडेआठ अंश होतें. म्हणजे भिवंडींतील असें झाड दक्षिणेस झुकलेलें असेल, तर तो त्याचा जन्मजात स्वभाव असूं शकतो. उलटपक्षीं पश्चिमेच्या वाऱ्यानें हललेलें झाड पूर्वेस किंवा ईशान्येस कलेल. झुकाव किती आहे याहून तो कोणत्या दिशेस आहे, व तो वाढत आहे कीं नाहीं, हें पाहणें अधिक महत्त्वाचें.

हें कळल्यावर आम्हीं विज्ञानशाळेंतील होकायंत्र व गवंड्याचा ओळंबा घेतला. खोडाच्या झुकत्या अंगास दोन मीटर उंचीवर खडूनें खूण केली, तेथून ओळंबा सोडला, आणि त्याच्या टोंकापासून बुंध्यापर्यंतचें अंतर मोजलें. साडेआठ अंशांचा झुकाव असेल, तर हें अंतर सुमारें ३० सेंटिमीटर भरतें. आवाराच्या कोपऱ्यावरील जुनें झाड दक्षिणेस झुकलेलें निघालें, अंतर २८ सेंटिमीटर. पाण्याच्या टाकीजवळील लहान झाड पूर्वेस झुकलेलें होतें, अंतर १९ सेंटिमीटर. डोळ्यांस जुनें झाडच अधिक भयंकर दिसत होतें, व पालकांचा रोखहि त्यावरच होता. आम्हीं दोहोंखालील वाट दोरी बांधून बंद केली, व मोजणी चालू ठेविली.

पावसाचे पहिले आठ दिवस झाले. जुन्या झाडाचें अंतर २८ होतें, तें २८ च राहिलें. टाकीजवळील झाडाचें मात्र १९ चें २३ झालें, आणि बुंध्याच्या पश्चिम अंगास मातींत बोट जाईल एवढी भेग पडलेली दिसली. वाऱ्याचा झोत आला म्हणजे ती भेग श्वास घेतल्यासारखी उघडे व मिटे. ही खूण ज्यानें एकदां पाहिली, तो ती विसरणार नाहीं. आम्हीं ताबडतोब रीतसर अर्ज केला, व परवानगी मिळतांच तें झाड काढविलें. त्याचीं मुळें पाहून आम्हांस आमचीच लाज वाटली. तें आम्हींच कांहीं वर्षांपूर्वीं प्लॅस्टिकच्या पिशवींतून काढून जसेंच्या तसें पुरलें होतें. पिशवींत गोल फिरलेलीं मुळें तशींच जाड होऊन एकमेकांभोंवतीं सुंभाच्या चुंबळीसारखीं गुंडाळलेलीं होतीं. बाहेर पसरलेलें मूळ जवळजवळ नव्हतेंच. वाऱ्यानें तें पाडलें असतें, पण खरा दोष वाऱ्याचा नव्हता.

यावरून लागवडीचे नियम सहज निघतात. रोप फार मोठें न घेतां लहान घ्यावें; लहान रोप वाऱ्याबरोबरच वाढतें व लवकर मूळ धरतें. पिशवी काढल्यावर गोल फिरलेलीं मुळें हातानें सोडवावीं, न सुटतील तीं धारदार कात्रीनें तोडावीं. खड्डा खोल करण्यापेक्षां रुंद करावा. भिवंडीकडील भातखाचरांची काळी माती पावसांत चिखल होते व उन्हाळ्यांत भेगाळते. भर घातलेल्या जागेंत तर मुरूम दगडासारखा दाबलेला असतो. अशा ठिकाणीं गुळगुळीत भिंतींचा अरुंद खड्डा म्हणजे मातीची कुंडीच होय. तेव्हां खड्ड्याच्या कडा पहारीनें फोडाव्या, व साचलेल्या पाण्यास वाट करून द्यावी. उन्हाळ्यांत रोज थोडें थोडें पाणी शिंपडलें तर मुळें पृष्ठभागींच रेंगाळतात. त्यापेक्षां आठवड्यांतून एक-दोन वेळां भरपूर पाणी द्यावें. झाडाची पुढील उंची लक्षांत घेऊन जागा निवडावी. कुकचा अरॉकेरिया मायदेशीं ५० मीटरांहूनहि उंच होतो. तो वर्गाच्या खिडकीशीं लावण्याचें झाड नव्हे.

आधाराविषयीं पुष्कळ गैरसमज आहेत. लोक उंच बांबू रोवून रोप शेंड्यापर्यंत घट्ट आवळतात. नाइटच्या प्रयोगावरून उघड होतें कीं, असें झाड बांबूच्याच जिवावर जगावयास शिकतें. आधार रोपाच्या उंचीच्या सुमारें एक तृतीयांशावर द्यावा, म्हणजे बुंधा स्थिर राहून शेंडा डोलतो. वारा दोन्ही बाजूंनीं येत असल्यामुळें बुंध्यापासून थोड्या अंतरावर दोन किंवा तीन खुंट्या ठोकाव्या. बांधण्यास तार वापरूं नये. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा मागावरील टाकाऊ कापडाची रुंद चिंधी, जी आपल्या गांवांत हवी तितकी मिळते, ती सैल आठ-आकड्याच्या वेढ्यानें बांधावी. दर दोन महिन्यांनीं गांठ पाहावी, आणि एक-दोन पावसाळे झाल्यावर आधार काढून टाकावा. तारेचा धडा आम्ही महागांत शिकलों आहों. एका नाताळांत तरुण झाडावर दिवे लाविले होते. सण संपला, दिवे उतरविले, पण खोडाभोंवतीं आवळलेली तार काढावयाची राहिली. खोड वाढत गेलें, तार सालींत रुतली, आणि पुढें एका पावसाळ्यांत झाड नेमकें त्याच जागीं मोडलें.

छाटणी करतांना विशेष जपावें. 'उंची कमी केली म्हणजे धोका टळला' असें समजून अरॉकेरियाचा शेंडा उडवूं नये. त्याच्या वाढीचें सूत्र शेंड्यांत असतें. या झाडाची आडवी फांदी कापून लाविली असतां ती मूळ धरील, परंतु आडवीच वाढेल. सरळ वृक्ष होण्याचें तिला साधत नाहीं. खालच्या फांद्या सरसकट काढल्यानेंहि तोटाच होतो. मग सर्व भार शेंड्याकडे राहून तरफ अधिक लांब होते. वाळलेल्या, मोडक्या व दुखावलेल्या फांद्या मात्र मे महिन्यापूर्वींच काढाव्या. अरॉकेरियाच्या फांद्या मजल्यामजल्यांनीं येतात व त्यांच्यामधून वारा चाळणींतून जावा तसा जातो, ही निसर्गानें केलेलीच सोय आहे.

मोरपंखीची गोष्ट निराळी. तिला बुंध्यापासूनच अनेक खोडें फुटतात, व पावसानें जड झालीं म्हणजे वाऱ्यांत चहूंकडे फांकतात. जूनच्या आरंभीं आंतील खोडें मऊ दोरीनें सैलसर एकत्र बांधावीं, व पावसाळा संपतांच दोरी सोडावी. कात्री चालवावी ती हिरव्या भागावरच. आंतील तपकिरी, निष्पर्ण लांकडापर्यंत छाटलें तर तेथें बहुधा पुन्हां पालवी फुटत नाहीं. पाऊस संपल्यावर दुसरी अडचण येते. हिवाळ्या-उन्हाळ्यांतील कोरडा वारा पानांतील ओलावा ओढून घेतो, व वाऱ्याच्या बाजूची पानें तांबूस होऊं लागतात. अशा वेळीं रोग समजून औषधें मारण्यापूर्वीं मुळाशीं पाणी व पालापाचोळ्याचें आच्छादन द्यावें. गच्चीवरील कुंड्या जड मातीच्या व रुंद बुडाच्या असाव्या. वादळाची सूचना मिळतांच त्या भिंतीच्या आडोशास नेऊन एकमेकींस टेकवून ठेवाव्या. वरून पडणारी कुंडी झाडाहून कमी घातक नसते.

आडोसा कसा असावा, याविषयींहि दोन शब्द. सलग भिंतीवरून वारा उसळी मारतो व पलीकडे भोंवरे करून खालीं येतो. अर्धा वारा अडवून अर्धा गाळून सोडणारें कुंपण अधिक उपयोगी. त्याचा परिणाम त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंतहि जाणवतो. जळगांवकडील केळीचे बागाईतदार शेताच्या कडेनें शेवरी किंवा उंच गवत लावतात, तें याच तत्त्वावर. बागेच्या पश्चिम कडेस बांबू किंवा सुरू यांची विरळ रांग असेल, तर आंतील नाजूक झाडांचा निम्मा त्रास कमी होतो.

इतकें करूनहि झाड पडलें, तर काय? कोंवळें रोप कललें असेल, तर त्याच दिवशीं उघडीं मुळें ओल्या गोणपाटानें झांकावीं, रोप हळूच उभें करून माती दाबावी, व तीन दिशांनीं दोर द्यावे. मोठें झाड अर्धवट उलथलेलें असल्यास तें ओढून उभें करण्याच्या मोहांत पडूं नये. तुटलेलीं मुळें सांधत नाहींत. अशा झाडाखालील वाट बंद करून पालिकेस कळवावें. महाराष्ट्रांतील नागरी क्षेत्रांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वयें परवानगीवांचून झाड तोडतां येत नाहीं. भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेकडे त्यासाठीं अर्ज करावा लागतो. हा अर्ज पाऊस पडूं लागल्यावर करण्यापेक्षां एप्रिलमध्यें करणें शहाणपणाचें, हें आम्हांस आतां कळून चुकलें आहे.

कोपऱ्यावरील जुनें झाड अद्याप उभें आहे. पावसाळा गेला, परतीचा पाऊस गेला, या फेब्रुवारींतहि ओळंब्याचा आंकडा २८ च भरला. वाट पुन्हां खुली झाली असून तक्रार घेऊन आलेल्या पालकांपैकीं एकानें मोजणीच्या वेळीं स्वतः दोरी धरली. तथापि आम्ही निश्चिंत झालों आहों असें नव्हे. जिवंत वस्तूची ग्वाही कोणी कायमची देऊं शकत नाहीं. मोजणीची वही विज्ञानशाळेच्या कपाटांत ठेविली आहे. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या सोमवारीं, आणि मोठ्या वादळानंतर दुसऱ्याच दिवशीं, त्या वहींत एक आंकडा लिहावयाचा आहे. आम्ही वरच्या वर्गांतले या वर्षीं शाळा सोडून जात आहों. मागें राहणाऱ्या विद्यार्थिमित्रांनीं तो रकाना रिकामा ठेवूं नये, एवढीच विनंति.